मोड आधी बघ

गेल्या दिवाळीत मामांनी गावचं घर आवरलं, कायमचे पुण्याला दादाकडे राहायला आले, आणि त्या आवराआवरीत माझ्या वाट्याला काय आलं तर श्रीखंडाचे सात डबे. ते जुने प्लास्टिकचे असतात ना, तसे, झाकणं ढिली झालेली म्हणून वरून सुतळी आवळलेली. मामी म्हणाली, ने गं बाई एकदाचे, तीस वर्षं माळ्यावर बसलेत, नुसती दगडं आहेत. आणि खरंच दगडंच होती, फक्त हजारो वर्षांपूर्वी माणसाने घडवलेल्या हत्यारांची.

मामा पाटकरी होते. शहरातल्या लोकांना हा शब्द माहीत नसतो म्हणून सांगते, कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या सांभाळणारा माणूस, चाऱ्या बघत, दारं उघडत-बंद करत दिवसभर सायकलवर. नेवासे तालुका, प्रवरेचा काठ. कुठे चारी उकरली, कुठे विहिरीचा मलबा वर आला, कुठे पावसात नदीची दरड ढासळली की मामा सायकल स्टँडवर लावणार, वाकणार, काहीतरी उचलून पँटला पुसणार आणि खिशात टाकणार. शिक्षण जुनी मॅट्रिक. हा नाद लागला कुठून तर शाळेत असताना, १९५९ ते ६१ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं नेवाशाचं दुसरं उत्खनन चालू होतं (पहिलं पुरातत्त्वज्ञ सांकलियांचं १९५४ ते ५६ चं), तेव्हा हे शाळा सुटली की खड्ड्याच्या कडेला जाऊन बसायचे. माती चाळताना निघालेलं एकेक दगडी पातं कुणीतरी उन्हात धरून बघायचं आणि आरपार उजेड दिसायचा, ते बघून आपलं डोकं फिरलं असं ते स्वतःच सांगतात.

तर मी हॉलमध्ये चटई टाकून सगळं ओतलं आणि मोजलं. ३१२ तुकडे. त्यातले धड म्हणता येतील असे फक्त १९. बाकी सगळं अर्धमुर्धं, कुणाला टोक नाही, कुणाला बूड नाही, कुणाचा नुसता मधलाच भाग. घरच्यांचं म्हणणं १९ ठेव आणि बाकीचे कुंडीत टाक. कुंडीत घालायला तसे दिसायलाही छान आहेत, मान्य. पण मी गेले पाच महिने रात्री जेवणं झाली की त्या तुटक्यांनाच घेऊन बसतेय आणि त्या १९ कडे खरं सांगायचं तर दोनदाच बघितलं असेल.

कारण धड दगड बघून आपण म्हणतो वा, आणि ठेवून देतो. मोडलेल्याला आपोआपच विचारलं जातं, बाबा रे, तुझं काय झालं?

मामांचं एक वाक्य मला लहानपणापासून पाठ आहे. मी काहीही उचलून दाखवलं की ते म्हणायचे, "काय आहे ते नंतर सांग, मोड आधी बघ." मोड म्हणजे मोडलेली बाजू. मटकीचे मोड नाहीत. सोनाराकडे जुन्या दागिन्याची मोड देतो ना आपण, त्याच घराण्यातला शब्द. आणि मोड बघायची म्हणजे काय बघायचं, तर कधी मोडलं ते. घडवताना मोडलं, वापरताना मोडलं, टाकून दिल्यावर मातीत मोडलं, की परवा ट्रॅक्टरच्या फाळाने मोडलं? हे कळलं नाही तर बाकी सगळं नाव ठेवणं आहे नुसतं.

पण त्याच्याही आधी एक पायरी आहे, मुळात हे माणसाने केलंय का. इथे मी स्वतः तोंडावर आपटलेली आहे त्यामुळे लपवत नाही. कॉलेजात असताना मला एक काळ्या दगडाची अप्रतिम तासणी सापडली, एका कडेला ओळीने टवके उडवलेले, हातात अशी बसायची की बस. एका सरांकडे घेऊन गेले, दगडी हत्यारांवर काम करणारे. त्यांनी हातात घेऊन दोनदा फिरवली आणि विचारलं कुठे मिळाली. म्हटलं नेवासे फाट्याच्या पुढे, रस्त्याच्या कडेला. "रस्त्याच्या कडेला," ते म्हणाले, "बरं." आणि मग अगदी मऊ आवाजात, "क्रशरची खडी आहे ही." चहा दिला त्यांनी नंतर, पण तो चहा मला अजून आठवतो.

आता कळतं की खडी ओळखायला खरं तर अवघड नसते. क्रशरमध्ये दगड दोन्हीकडून दाबला जातो त्यामुळे टवके कसेही, कुठल्याही दिशेने उडालेले असतात, चेचल्याच्या पांढरट खुणा दोन्ही बाजूंना असतात, आणि मुख्य म्हणजे सगळा दगड एकाच रंगाचा, ताजा, काळाशार. आपला बेसाल्ट किंवा डोलेराइट, म्हणजे नेहमीचा काळा दगड, हजारो वर्षं पडून राहिला की त्याला मातकट, पिवळट-तपकिरी साल धरते, आतला दगड काळाच राहतो. म्हणजे माणसाने लाखभर वर्षांपूर्वी टवका उडवला असेल तर त्या टवक्याच्या खोबणीतही साल धरलेली हवी. खोबणी काळी कुळकुळीत आणि बाकी दगड मातकट, म्हणजे कालपरवाचं काम.

दुसरी फसवणूक टाकीच्या ठिकऱ्यांची. पूर्वी पाट्या-वरवंट्याला, जात्याला टाकी लावणारे दारावर यायचे, अंगणात बसून छिन्नीने टकटक करायचे, त्या कपच्यांनाही माणसाचाच ठोका बसलेला असतो की! फुगवटा असतो, कड धारदार असते. जुन्या वाड्याच्या परसात असल्या कपच्या मिळाल्या तर अश्मयुग गाठायची घाई करू नये. तसंच चकमकीच्या गारगोटीचं, चिलीम पेटवायला म्हातारी माणसं कमरेच्या बटव्यात गारगोटी ठेवायची, पोलादावर मारून मारून तिची कड चेचलेली असते आणि ती हुबेहूब वापरलेल्या हत्यारासारखी दिसते.

फुगवटा म्हटलं तर तो काय ते सांगते, कारण तुटक्या तुकड्यावर पहिल्यांदा हाच शोधायचा. चिनी मातीच्या बशीच्या काठाला टवका उडतो तेव्हा तो कसा शिंपल्यासारखा खोलगट उडतो, तसेच हे दगड फुटतात, चाल्सेडनी, चर्ट, जास्पर, अकीक हे गारगोटीच्या जातीचे, आणि बारीक पोताचा बेसाल्ट पण. पुस्तकात याला शंखाभ भंग म्हणतात. जिथे ठोका बसला ती एक छोटीशी सपाट जागा, तिच्या लगेच खाली कपचीच्या पोटावर एक फुगीर भाग, आणि तिथून पुढे मंद मंद वर्तुळाकार लाटा. पोट म्हणजे गाभ्यापासून सुटलेली बाजू, आणि गाभा म्हणजे ज्या दगडातून कपची उडवली तो. पाठीवर आधी उडवलेल्या कपच्यांचे व्रण आणि त्यांच्यामधल्या धारा. हे चार-पाच शब्द एवढे माहीत असले की अर्ध्या तुकड्यावरून पण सांगता येतं की आपल्या हातात बूड आहे, टोक आहे की मधला भाग. फुगवटा आहे तर बूड. फुगवटा नाही पण कड पातळ होत होत संपलीय तर टोक. दोन्हीकडे मोड आहे तर मधला भाग, आणि तरीसुद्धा लाटांचा बाक बघून ठोका कुठल्या बाजूने आला होता हे कळतं, कारण लाटा नेहमी ठोक्यापासून दूर फुगत जातात. मोबाईलचा टॉर्च तिरका धरायचा, अगदी टेबलाला टेकवून, म्हणजे लाटा उठून दिसतात. वरून उजेड टाकला तर काही दिसत नाही, मी कितीतरी महिने वरूनच टाकत होते.

नेवाशाचा फायदा असा की इथे एकाच नदीकाठी सगळे काळ एकावर एक पडलेत. चिरकीच्या ओढ्याजवळ गुद्रुन कॉर्व्हिनस या बाईंनी १९६६ ते ६९ मध्ये खणलं, तिथे मोठाल्या हातकुऱ्हाडी आणि फरश्या (जमिनीवरच्या नव्हेत, रुंद आडव्या धारेची हत्यारं) निघाल्या, पुराश्मयुगाच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या. त्याच्या नंतरची लहान कपच्यांची, तासण्यांची जी हत्यारं आहेत, जास्पर आणि चर्टची, त्या परंपरेला तर अभ्यासकांनी नावच नेवासियन दिलं. आणि मग ताम्रपाषाण काळातली, साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीची चाल्सेडनीची नाजूक पाती. ज्ञानेश्वरी सांगितली तो पैस खांब इथला, एवढंच गावाबाहेर लोकांना माहीत असतं. पलीकडे पैठणजवळ मुंगीला तर १८६५ सालीच वाइन नावाच्या भूवैज्ञानिकाला गोदावरीच्या वाळू-गोट्यांच्या थरात अकिकाची एक कपची मिळाली होती, रॉबर्ट ब्रूस फूटला मद्रासजवळ पल्लावरमला पहिली हातकुऱ्हाड मिळाली त्याच्या जेमतेम दोन वर्षं नंतर. सगळ्या महाराष्ट्राच्या प्रागितिहासाची सुरुवात एका कपचीने झालीय, आणि आपण म्हणायचं अखंड असेल तरच दाखव.

आता मोडीकडे.

सगळ्यात सोपी ट्रिक रंगाची, वर बेसाल्टसाठी सांगितली तीच. पण चाल्सेडनीवर साल अशी जाड धरत नाही, तिथे चकाकी बघायची. ताजी मोड मेणचट चमकते आणि कड बोटाला लागते. जुनी मोड मंद असते, कडेवरून नख फिरवलं तर किंचित बोथट झालेली. आमच्याकडच्या तुकड्यांवर अजून एक पुरावा फुकटात मिळतो तो म्हणजे चुनखडी. काळ्या मातीखाली जो चुनखडीचा थर असतो त्यात पडून राहिलेल्या दगडाला पांढरं खरखरीत पुट चढतं. ते पुट मोडीवरही चढलं असेल तर मोड जुनी, विषय संपला. म्हणून कृपा करून सापडलेला दगड तारेच्या ब्रशने घासू नका आणि त्यावर टॉयलेट क्लीनर तर अजिबात ओतू नका, मी बघितलंय लोकांना हे करताना, चकचकीत दिसतो म्हणे. साधं पाणी आणि जुना टूथब्रश, बास. पुट गेलं की साक्षीदार गेला.

ट्रॅक्टरचा फाळ लागला असेल तर पुष्कळदा मोडीच्या आसपास गंजासारखी बारीक तपकिरी रेघ सापडते, लोखंड घासून गेल्याची. फिकट दगडावर छान दिसते. असले माझ्याकडे चाळीसेक तुकडे आहेत, त्यांना मी मनात ट्रॅक्टरवाले म्हणते. त्यांच्यावर राग काढण्यात अर्थ नाही, शेत नांगरायचंच असतं.

दुसरी गोष्ट, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, कोण कोणाला कापतंय. समजा हातकुऱ्हाडीचं टोक तुटलंय. मोडीच्या कडेशी नीट बघायचं. कडेचे टवके मोडीपाशी येऊन अर्धवट कापले गेलेत का? मग आधी टवके, नंतर मोड. की उलट, मोडीच्या सपाट भागावरूनच ठोका मारून नवीन टवके काढलेत? मग आधी मोड, आणि मोडल्यावर कुणीतरी तो तुकडा फेकून न देता परत कामाला घेतलाय. असा एक आहे डबा नंबर तीनमध्ये. तळहाताएवढं बूड, वरचं निम्मं गेलेलं, आणि मोडीच्या कडेवरून चार छोटे टवके काढून एका बाजूला नवी धार केलेली. टवक्यांच्या खोबण्यांमध्ये साल अगदी बाकीच्या दगडासारखीच. म्हणजे ज्याच्या काळात मोडली त्याच काळात दुरुस्त झाली. चपलेचा अंगठा तुटला की आपण शिवून घेतो, तसंच की हे. मला त्या १९ धडधाकटांपेक्षा हे बूड जास्त आवडतं.

घडवताना मोडलेलं कसं ओळखायचं, तर ते अर्धवट घडलेलं असतं. एक बाजू नीट छिललेली, दुसरीवर मूळ गोट्याची साल तशीच. जोराच्या ठोक्याने कधी दगड भलतीकडेच आडवा तुटतो, मोडीच्या एका कडेला ओठासारखी किंचित मुरड पडते. कधी कपची गाभ्यातून सुटता सुटताच मधोमध उभी चिरते, बरोब्बर ठोक्याच्या जागेतून, त्याला सिरे नावाच्या संशोधकावरून सिरेची मोड म्हणतात. ही लक्षात ठेवायला हवी कारण ती फार फसवते, उभी सपाट मोड बघून लोकांना वाटतं मुद्दाम केलेली कोरणी आहे. कोरणीला एका टोकाकडून वेगळा ठोका मारलेला असतो, त्यामुळे त्या बारीक व्रणाला वरच्या बाजूला स्वतःची फुगवट्याची खळी असते. सिरेच्या मोडीत तशी वेगळी खळी नसते, अर्धा फुगवटा आपल्या तुकड्यावर आणि अर्धा हरवलेल्या जोडीदाराकडे. मी आठ कोरण्या म्हणून बाजूला काढल्या होत्या, त्यातल्या सहा सिरे निघाल्या. दोन अजून वादात आहेत, वाद माझ्याशीच.

वापरताना मोडलेलं ओळखणं सगळ्यात अवघड. बाणाचं टोक हाडावर आपटलं की टोकाकडून एक बारीक सालपट मागे उडतं हे खरं, पण गुरांच्या पायाखाली आलेल्या तुकड्यालाही कधीकधी तसंच होतं. शेताच्या वाटेवर सापडलेल्या एका टोकावरून शिकारीची गोष्ट रचायची म्हणजे जरा जास्तच. मी इथे गप्प बसते. आगीचं मात्र कळतं, तापलेल्या चाल्सेडनीवर जाळीदार तडे पडतात आणि गोल गोल वाटीसारखे टवके आपोआप निघतात, त्या खळग्यांना ठोक्याची जागाच नसते. पण शेतातला पाचट पेटवला तरी दगड तापतो, तेव्हा आग अश्मयुगातलीच असेल असं नाही.

मोडीमुळे नावं कशी चुकतात त्याचे दोन नमुने, दोन्ही माझेच.

पहिला, फरशी. फरशी म्हणजे जिची पुढची कड आडवी, रुंद, कुऱ्हाडीच्या पात्यासारखी असते. आता हातकुऱ्हाडीचं टोक आडवं तुटलं की आकार अगदी फरशीसारखा दिसतो, फोटोत तर शंभर टक्के. पण फरशीची कड म्हणजे दोन पृष्ठं तिरकी येऊन भेटलेली धार असते, बहुतेक वेळा मोठ्या कपचीची मूळची धार तशीच राखलेली. मोडीला धार नसते, तिची जाडी असते, कापलेल्या साबणाच्या वडीसारखी चौकोनी. बाजूने बघितलं की एका सेकंदात कळतं. म्हणून कुणी मला नुसता समोरून फोटो पाठवला की मी बाजूचा मागते, आणि लोकांना वाटतं ही बाई भाव खातेय.

दुसरा, पात्याचा मधला तुकडा. पातं म्हणजे रुंदीच्या निदान दुप्पट लांब, दोन्ही कडा समांतर अशी कपची. ताम्रपाषाण काळातले लोक ही पाती फार हुशारीने काढायचे, गाभ्यावर आधी दोन्हीकडून टवके काढून एक नागमोडी कणा तयार करायचे, त्या कण्यावरून पहिलं पातं सुटलं की पुढची एकामागून एक सरळ निघायची. ते पहिलं कणावालं पातं तिकोनी असतं आणि पाठीवर मगरीसारखे दाते, तुटकं मिळालं तरी चुकत नाही, इंचभर तुकड्यावरून सांगता येतं की इथे पाती बनवायचा उद्योग चालला होता. तर या पात्यांचे मधले तुकडे ढिगाने मिळतात आणि चौकोनी, कधी तिरके तुटलेले असले की लोक त्यांना समलंब चौकोनी सूक्ष्मास्त्र म्हणून मोकळे होतात. मी पण झाले होते. पण खऱ्या समलंबात त्या तिरक्या बाजू बारीक बारीक टवक्यांनी मुद्दाम बोथट केलेल्या असतात, भिंगातून उंदराने कुरतडल्यासारख्या ओळीने दिसतात. नुसत्या मोडीत ती कुरतड नाही, सपाट आणि गुळगुळीत.

आणि तरी, इथेच गंमत आहे, नुसती मोड म्हणजे अपघात असंही नाही! पात्याचं बूड फुगवट्यामुळे जाड आणि टोकाकडे बाक आलेला, लाकडाच्या खोबणीत ओळीने बसवून विळा करायचा तर हवा असतो फक्त मधला सरळ भाग. मग दोन्ही टोकं मुद्दाम मोडायची, जशी आपण गवारीची टोकं मोडतो. म्हणजे बाहेरून तुटका दिसणारा तुकडा हाच पूर्ण झालेला माल, आणि फुगवटेवाली बुडं हा केर. हे कळलं तेव्हा मी परत पहिल्यापासून सगळं मोजायला बसले. हाताने वाकवून मोडलं की एका कडेला बारीक ओठ येतो, दगडावर ठेवून ठोकून मोडलं की मोडीच्या मधोमध एक ठिपका दिसतो जिथे मार बसला. पण वाकवून मोडलेलं पायाखाली मोडल्यासारखंच दिसतं, मग एका तुकड्यावरून ठरवता येत नाही, पन्नास तुकडे घ्यायचे आणि पट्टीने मोजायचे. सगळे साधारण एकाच लांबीचे निघाले तर कुणाच्या तरी डोक्यात माप होतं. माझे बऱ्यापैकी एकाच मापाचे निघालेत, पण ते मामांनी वेचलेले असल्यामुळे मामांच्या डोळ्याला कुठलं माप दिसतं हेही त्यात आलंच ना.

बाकी एक भोक पाडलेला अर्धा गोल दगड आहे, भोकातूनच दुभंगलेला, भोक दोन्हीकडून पाडत आणल्यामुळे मधे अरुंद, डमरूसारखं. असे गोल दगड बहुतेक भोकातूनच तुटतात, तिथेच ते कमजोर. आणि एक गुळगुळीत घासलेल्या कुऱ्हाडीचं बूड, जिच्या मोडलेल्या बाजूने नंतर कुणीतरी हातोडीसारखं ठोकून ठोकून ती चेचून टाकलीय. त्यांच्यावर परत कधीतरी लिहीन.

आता ती गोष्ट ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

मामांनी सुरुवातीच्या डब्यांत एक फार चांगली गोष्ट केलीय, प्रत्येक ठिकाणचे तुकडे वेगळ्या काडेपेटीत आणि काडेपेटीत चिठ्ठी. बिडीच्या बंडलाचा कागद, त्यावर बॉलपेनने, "चारी ५, बाभळीच्या पुढे, बांध", "विहीर मलबा, खालचा", असं. चार डब्यांत असं आहे. उरलेल्या तीन डब्यांमध्ये कधीतरी उंदीर गेले आणि चिठ्ठ्यांचा भुगा झालाय. दगड तसेच आहेत, उंदीर दगड खात नाहीत, पण ते तीन डबे आता सुंदर खड्यांचे डबे आहेत फक्त. कुठून आले ते गेलं म्हणजे कुठल्या थरातले ते गेलं, शेजारी काय होतं ते गेलं. दगड मोडतो ते वेगळं आणि दगडाचा जागेशी असलेला संबंध मोडतो ते वेगळं, याला कुठलंच भिंग लावता येत नाही. मी आता प्रत्येक तुकडा वेगळ्या झिपच्या पिशवीत, आत कागद, बाहेर मार्करने तेच परत, असं केलंय. फोटो काढताना दहाचं नाणं ठेवतात लोक, त्यापेक्षा सरळ शाळेची पट्टी ठेवावी. पोट, पाठ, एक बाजू आणि मोड, असे चार फोटो आणि ठोक्याची बाजू, म्हणजे बूड, खाली.

तर फेब्रुवारीतली एक रात्र. "चारी ५" च्या दोन काडेपेट्या होत्या, एक डबा नंबर एकमध्ये आणि एक चारमध्ये, म्हणजे वेगळ्या वर्षीच्या. मी दोन्ही एका ताटात ओतल्या, स्टीलच्या, खाली निळा नॅपकिन. एकातला एक तुकडा मधासारखा, उजेडात धरला की आत केशरी दिसणारा. दुसऱ्यातला एक पांढुरका, चुनखडीचं पुट चढलेला, मोडीवरसुद्धा. दोन वेगळे दगड असंच कुणीही म्हणेल. मी नुसती पाठीवरच्या धारा मोजत होते, पहिल्याच्या पाठीवर दोन धारा, एक कडेला जरा जवळ. दुसऱ्याच्या पाठीवर दोन धारा, एक कडेला जरा जवळ. रुंदी पट्टीवर ११ मिलिमीटर, दोन्हींची. मग उगाच म्हणून टोकाला टोक लावलं आणि ते बसलं. बसलं म्हणजे काय सांगू, बांगडी मनगटावरून सरकून पुढे जाते तसा एक हलका खट्ट, आणि हाताला फट लागेना. धारा आरपार एका रेषेत. पोटावरची लाट एका तुकड्यात सुरू होऊन दुसऱ्यात पूर्ण झाली.

म्हणजे एकच पातं. कधीतरी फार पूर्वी मोडलं, अर्धं काळ्या मातीत राहिलं, अर्धं खाली चुनखडीत गेलं, आणि दोघं आपापल्या परीने म्हातारे झाले. चारी खणली तेव्हा दोन्ही वर आले, मामांनी एक उचललं आणि मग केव्हातरी दुसरं. जर चिठ्ठ्या नसत्या तर मी त्या दोन काडेपेट्या एका ताटात ओतल्याच नसत्या.

उत्साहाच्या भरात अजून दोन तास बसून बाकीचे सगळे एकमेकांना लावून बघितले. एकही जुळला नाही.

एक जरा रुक्ष पण सांगायलाच हवं, हे वाचून कुणी उद्या खुरपं घेऊन नदीवर जाऊ नका. उकरायचं तर नाहीच, संरक्षित जागेवरून पृष्ठभागावरचंही उचलायचं नाही. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तू पुरावस्तूच्या व्याख्येत येतात आणि १९७२ च्या कायद्यानुसार त्यांचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, देशाबाहेर तर पाठवताच येत नाही, त्यामुळे "अश्मयुगीन कुऱ्हाड, किंमत इनबॉक्स" असल्या पोस्टींपासून लांब राहा. फोटो काढा, जागा लिहून ठेवा, आणि जवळच्या विद्यापीठात या विषयाचं कुणी असेल तर त्यांना दाखवा. मामांचे डबेही तसेच जाणार आहेत, यादी पूर्ण झाली की. मामांना विचारलंय, ते हो म्हणालेत, मामी तर आधीपासूनच हो म्हणतेय.

त्या रात्री साडेअकराला मामांना फोन केला. झोपले नव्हते. म्हटलं मामा, चारी पाचचे दोन तुकडे जुळले, तुम्ही एकाच पात्याचे दोन तुकडे उचललेत, मधे काही वर्षं गेलीत.

बराच वेळ पलीकडून काही नाही, मला वाटलं फोन कट झाला.

"मंजे एका पात्यासाठी मी दोनदा वाकलो होय," ते म्हणाले. आणि मग, "मोड कशी आहे?"

"जुनी."

"चिकटवू नकोस हां. राहू दे तशीच."